२२ फुटांची पट्टी आणि फालुद्यातला सब्जा

आमच्या रो हाऊसच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून २२ फूट लांब आणि जेमतेम अडीच फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. माती आपली म्हणायची, खरं म्हणजे बिल्डरनं जाताना पुरून ठेवलेला राडारोडा, त्यावर मुरूम आणि त्यावर दर पावसाळ्यात जोमानं येणारं गाजर गवत. पुण्याच्या कडेला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली आणि त्यातली चार वर्षं तिथे एक मोडकी सायकल आणि उरलेल्या टाईल्सचे बॉक्स पडून होते. मग एकदा मे महिन्याच्या सुट्टीत अंगात आलं आणि म्हटलं इथे फुलझाडं लावायचीच.

अटी दोन होत्या. पहिली म्हणजे मला रोज मागे जाऊन लाड करायला वेळ नाही, सकाळी साडेनऊला लॉगिन असतं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की बागेला पाणी म्हणजे शेजारपाजारच्यांच्या नजरा. म्हणजे झाडं अशी हवीत की दोन दिवस विसरलं तरी रुसणार नाहीत. दुसरी अट मधमाश्यांची. गच्चीवर मी ग्रो बॅगमध्ये काकडी आणि लाल भोपळा लावते, तर भोपळ्याला मादी फुलं यायची, खाली छोटासा गोल भोपळा दिसायचा, आम्ही खूश व्हायचो आणि आठ दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. कारण परागीभवन करायला कुणी फिरकतच नव्हतं. मग मी सकाळी सातला नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलांना टेकवत फिरायची, हा प्रकार एक सीझन केला आणि कंटाळले. नवरा म्हणाला, "माश्यांचं काम तू कशाला करतेस, माश्या बोलाव ना." चेष्टेत म्हणाला, पण मला पटलं.

तर पहिला प्रयत्न. इंटरनेटवर मधमाश्यांसाठी झाडं म्हणून शोधलं की पहिलं नाव येतं लॅव्हेंडर, मग बोरेज, मग फॉक्सग्लव्ह. फोटो इतके सुंदर की मी लॅव्हेंडरचं बी मागवलंच. बारा-पंधरा बियांतून तीन रोपं आली, ती मी लेकरासारखी जपली, आणि जुलैत सलग नऊ दिवस झड लागली त्यात तिन्ही बुडाशी काळी पडून गेली. नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. त्याला आपला जून ते सप्टेंबर म्हणजे शिक्षाच. दोष त्याचा नाही, माझा.

दुसरा प्रयत्न दिवाळीच्या आधी, या वेळी थेट नर्सरीत. तिथल्या दादांना सांगितलं की मधमाश्या येतील अशी फुलं द्या, ते म्हणाले, "मॅडम, फूल म्हटलं की माशी येणारच." आणि गाडीची डिकी भरून दिली. पेटुनिया, टेनिसच्या बॉलएवढा हायब्रीड झेंडू, डबल जास्वंद, दोन बोगनवेली. अठराशे पन्नास रुपये. दिवाळीत फोटोला एक नंबर बाग झाली, पाहुणे येऊन कौतुक करून गेले, आणि मधमाश्या किती आल्या तर जवळजवळ शून्य. एक दिवस मी आणि मुलगी मागच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा एक माशी आली, झेंडूवर उतरली, पाकळ्यांच्या त्या गड्ड्यावर इकडून तिकडे चालली, परत सुरुवातीच्या जागी आली आणि उडून गेली. मुलगी म्हणाली, "आई, तिला दारच सापडलं नाही."

पोरगी सहावीत आहे पण बरोबर बोलली. मी ते फूल तोडून मधोमध फाडलं तर आत नुसत्या पाकळ्याच पाकळ्या. भरगच्च फुलं दिसायला छान पण बऱ्याचदा त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, झेंडूत मधल्या बारीक नळीदार फुलांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते, मग पराग कमी आणि मकरंद असला तरी तिथवर पोचायला वाट नाही. डबल जास्वंदाचं तेच. बोगनवेलीचा जो रंग दिसतो ती तर फुलंच नव्हेत, रंगीत पानं आहेत, खरं फूल मध्ये बारीकसं पांढरं आणि त्याची नळी अरुंद. आमच्या बोगनवेलीवर मी आजतागायत माशी बघितलेली नाही, फुलपाखरू क्वचित.

आणि गंमत म्हणजे त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे, जो मोकळा प्लॉट आहे ना, जिथे कुणी पाणी घालत नाही की खत, तिथून गुणगुण ऐकू येत होती. मी स्टूल लावून डोकावले. दगडी पाल्याची ती छोटी पिवळट फुलं असतात बघा, लांब दांडीवर एकच फूल, काही ठिकाणी एकदांडी म्हणतात, त्यावर माश्या. रानतुळशीवर माश्या. आणि त्याच्या पुढे शेजारच्या काकूंच्या गेटवर आइसक्रीम वेल चढलीये, गुलाबी फुलांची, तिच्यावर तर अक्षरशः जत्रा. म्हणजे माश्या आमच्या एरियात होत्या, भरपूर होत्या, फक्त माझ्याकडे यायचं त्यांना काही कारण नव्हतं.

इथून मी पद्धत बदलली. याद्या वाचणं बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी सकाळी साडेनऊ-दहाला चहाचा कप घेऊन कुठल्या तरी एका झाडासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि मोजायचं. काकूंचं गेट, मोकळा प्लॉट, कोपऱ्यावरचं देऊळ, मुलीच्या शाळेची बाग, नात्यातल्या लोकांच्या कुंड्या, सगळीकडे. मुलीनं जुन्या डायरीत रकाने आखले, झाडाचं नाव, ऊन की सावली, किती माश्या, कोणत्या. लोकांना वाटायचं आम्ही सर्व्हेला आलोय, देवळातल्या पुजाऱ्यांनी तर विचारलं की नगरपालिकेकडून का?

कोणत्या माश्या हे ओळखायला आधी जमत नव्हतं, मला मधमाशी म्हणजे मधमाशी एवढंच माहीत. हळूहळू डोळा बसला. नेहमी दिसणाऱ्या तिघींत बारकी फुलोरी, पुढचा भाग तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते. तिच्याहून मोठी सातेरी, ही झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीत पाळतात तीही हीच. त्याहून मोठी आग्या, उंच इमारतीला किंवा झाडाला लटकणारी मोठी पोळी हिची, हिला सगळे घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पोया म्हणून अजून एक असते, फुलोरीहूनही बारकी, मुंगीला पंख फुटल्यासारखी काळी, तिला नांगी नसतेच म्हटलं तरी चालेल, आमच्या जुन्या मीटर बॉक्सच्या फटीतून मेणा-डिंकाची एक छोटी नळी बाहेर आलेली असायची आणि मी ती दर दिवाळीला खरवडून काढायची, ते पोयांचं दार होतं! वाईट वाटलं मला. आणि या सगळ्यांशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्या, काळा मोठा भुंगा, निळ्या पट्ट्यांची ती सारखी थरथरणारी माशी. या दोघांची एक खासियत आहे, त्या फुलाला धरून अंगाचे स्नायू जोरात थरथरवतात आणि त्या हादऱ्यानं पराग बाहेर पडतो. टोमॅटो-वांग्याच्या फुलांना तसा हादरा लागतो, आपल्या मधाच्या माशीला ते जमत नाही.

पुण्यात शिवाजीनगरला गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. त्या रस्त्यानं मी वीस वर्षं जातेय आणि ती कधी दिसली नव्हती, आता दिसली. त्याच हिवाळ्यात महाबळेश्वरला गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून मांघरला गेलो, २०२२ मध्ये ज्याला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं ते. तिथे पेट्या ठेवणाऱ्या एका मामांशी बोलताना मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की मी पंधरा प्रकारची फुलझाडं लावणार आहे, एकेक. मामा म्हणाले, "एकेक नका लावू ताई. ती एका फेरीत एकाच जातीच्या फुलावर फिरती. तुमचं एक झाड दोन मिनटांत संपलं, मग ती कशाला येईल?" नंतर डायरीत बघितलं तर खरंच, एकटंदुकटं झाड कितीही चांगलं असो आकडे कमी, आणि तेच फूल ताटवाभर असलं की आकडे चढलेले. मग यादी पंधरावरून आठवर आणली आणि प्रत्येकाची पाच-सात रोपं एकत्र असं ठरवलं.

आता निवडीचं सांगते, इथे सगळ्यात जास्त डोकं लागलं.

सगळ्यात पहिला नंबर तुळशीच्या घराण्याचा. तुळस, रानतुळस, सब्जा, कुठेही बघा, मंजिऱ्या आल्या की माश्या हजर. सब्ज्याची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. नर्सरीत सब्ज्याचं रोप मागितलं तर त्यांनी मला इटालियन बेसिल म्हणून ऐंशी रुपयांना एक कुंडी दाखवली. मी घरी आले, स्वयंपाकघरात फालुद्यासाठी आणलेलं सब्ज्याचं पाकीट होतं दहा रुपयांचं, त्यातला चमचाभर घेतला आणि ओल्या मातीवर नुसता भुरभुरला, वर माती टाकली नाही. बी लगेच फुगलं, प्रत्येक काळ्या दाण्याभोवती ती जेलीची पांढरट गोळी, मुंग्यांनी नेऊ नये म्हणून वर जुनी गाळणी उपडी घातली. पाचव्या दिवशी दोन-दोन पानं. इतकी दाट उगवली की उपटून उपटून वाटायची वेळ आली, सोसायटीत अकरा घरी माझा सब्जा आहे आज. दोन महिन्यांत पांढरी बारीक फुलं आणि सकाळभर त्यावर फुलोरी आणि सातेरी. बी पडून परत आपोआप येतो. इतकं स्वस्त आणि इतकं बिनत्रासाचं दुसरं काही मला सापडलं नाही.

दुसरं ऑफिस टाइम. चिनी गुलाब म्हणा, पोर्टुलाका म्हणा, आम्ही लहानपणापासून ऑफिस टाइमच म्हणतो कारण नऊ-दहाला उघडतं आणि दुपारी मिटतं. काडी तोडून खोचली की लागते, पानं मांसल असल्यामुळे पाणी कमी लागतं. फक्त एकेरी पाकळ्यांचं घ्यायचं, गुलाबासारखं भरगच्च दिसतं ते नाही. ऊन मात्र कडक हवं, ढगाळ दिवशी उघडतच नाही. पट्टीच्या पुढच्या कडेला सगळं हेच लावलंय.

टर्नेरा हे मला आधी माहीतच नव्हतं. देवळाच्या कुंपणाला होतं, फिक्कट पांढरी-पिवळी फुलं, मध्ये गडद डोळा, सकाळी उघडतं आणि दुपारच्या आत मिटून जातं. पुजाऱ्यांना विचारलं काय निगा करता, म्हणाले, "निगा? ते मरतच नाही." मला हेच तर हवं होतं. चार फांद्या मागून आणल्या, तीन लागल्या.

मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, अडुळसा. लोक हसले की फुलझाडांत अडुळसा कोण लावतं. पण थंडीत त्याला पांढरी फुलं येतात, त्यावर भुंगे तुटून पडतात, शेळ्या तोंड लावत नाहीत आणि खोकला झाला की पानं घरचीच. निर्गुडीही लावायची होती, तिच्या जांभळ्या फुलांवर आकडे जबरदस्त होते, पण ती भराभरा वाढते आणि अडीच फुटांत मावणार नाही, म्हणून एकच, पार कोपऱ्यात, आणि वर्षातून दोनदा कात्री. ग्रिलवर गोकर्ण, निळा, एकेरी. मध्ये थंडीपुरती एकेरी झिनिया आणि कोथिंबीर. हो, कोथिंबीर! धने चपलेखाली रगडून दोन फाकी केले आणि टाकले, भाजीला खुडली, आणि फेब्रुवारीत खुडणं सोडून दिलं. पांढऱ्या लेससारखा फुलोरा आला आणि त्यावर इतके बारीक बारीक किडे-माश्या की डायरीतला रकाना पुरेना. लोक फुलावर आलेली कोथिंबीर उपटून टाकतात, मीही टाकायचे.

काय नाही लावलं तेही सांगते. आइसक्रीम वेल नाही, माझ्या यादीत आकड्यांनी तीच पहिली होती, पण जमिनीत गड्डे करून पसरते आणि काकूंना विचारा, त्यांची अर्धी रविवार सकाळ ती कापण्यात जाते, शिवाय ती त्यांच्या गेटवर आहेच, माश्यांना भिंत थोडीच आहे. घाणेरी नाही, नर्सरीत लँटाना नावानं छान रंगात मिळते पण टेकड्यांचं तिनं काय केलंय ते बघतोच आपण. केशरी कॉसमॉसवर माझं मन फार गेलं होतं, माश्यांनाही आवडतो, पण तो मूळचा मेक्सिकोकडचा आणि इथे पावसाळा संपला की टेकडीवर केशरी चादर पसरते, तिथल्या गवताफुलांना दाबून. आमची टेकडी दहा मिनिटांवर. नाही लावला. सदाफुली आधीपासून होती, ती ठेवली कारण सासूबाईंना देवाला लागते, पण तिचा मकरंद खोल नळीत, फुलपाखरांचं काम ते. गुलबक्षी संध्याकाळी उघडते, तेव्हा माश्यांची शिफ्ट संपलेली.

मातीचं थोडक्यात, कारण ते नुसते कष्ट आहेत. दोन गडी लावून फूटभर खोल राडारोडा काढला, त्यात अर्धं पोतं सिमेंट दगड झालेलं निघालं आणि एक अख्खा बेसिनचा नळ. वर लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू, कारण पाणी साचलं की लॅव्हेंडरची आठवण येते. ठिबकची एक नळी टाकली, फुटाफुटावर ड्रिपर, उन्हाळ्यात एक दिवसाआड वीस मिनिटं, थंडीत चार दिवसांनी. वर पालापाचोळा पसरला पण दोन फुटांचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला, नुसती माती, कारण एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या जमिनीत बीळ करतात. नवऱ्याला तो तुकडा बघवत नाही, दर महिन्याला विचारतो इथे काय लावायचं राहिलंय. आणि एक पसरट मातीचं भांडं, त्यात गोटे आणि पाणी, गोटे अशासाठी की माशीला उभं राहायला जागा हवी, नाहीतर बुडते.

चूक एक केली आणि ती जिव्हारी लागली. पहिल्याच थंडीत कडेच्या शेवंतीवर काळा मावा आला, कळ्या दिसेनाशा. मी दुकानात गेले, मावा म्हटल्यावर त्यानं बाटली दिली, मी लेबल न वाचता शनिवारी सकाळी दहाला फवारणी केली, वाऱ्यानं शेजारच्या सब्ज्यावरही उडालं असणार. रविवारी चहा घेऊन गेले तर सब्ज्याखाली फुलोरी माश्या पडलेल्या, काही अजून गोल गोल फिरत होत्या पाठीवर. मुलीनं मोजल्या, नऊ. बाटलीवर इमिडाक्लोप्रिड लिहिलं होतं, हे झाडाच्या अंगात मुरतं आणि मग पराग-मकरंदातही उतरतं, मधमाश्यांना ते विषच. त्या दिवशी मुलगी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. शेवंती उपटून टाकली, सब्ज्याचा सगळा फुलोरा कापला, आणि आता मावा दिसला की पाण्याचा जोराचा फवारा, नाहीतर बोटांनी चिरडायचा, फारच झालं तर साबणाचं पाणी, तेही सूर्य मावळल्यावर. झिनियाच्या पानांवर भुरी येते, येऊ दे, खालची पानं तोडते, फुलं येत राहतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी गुलाबाच्या पानांना गोल छिद्रं दिसायला लागली, म्हणजे कडेनं अर्धवर्तुळं कापलेली, पंचिंग मशीननं काढावीत इतकी नीट. पूर्वीची मी असते तर परत दुकानात गेले असते. या वेळी बसून राहिले. वीस मिनिटांनी एक करड्या रंगाची माशी आली, पानाच्या कडेला बसली, कात्रीसारखं गर्रकन फिरून तुकडा कापला आणि तो हिरवा तुकडा पोटाखाली धरून उडाली, थेट आमच्या खिडकीच्या एसीसाठी पाडलेल्या भोकात. पानं कापणारी माशी, घरट्याला आतून अस्तर लावते पानांचं. एसी आम्ही अजून बसवलेला नाही, आणि आता या वर्षीही बसत नाही असं दिसतंय.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर विरोध झाला. पलीकडच्या काकूंनीच, ज्यांच्या गेटवर जत्रा असते त्यांनी, मला थांबवून विचारलं, "अगं, मुलं खेळतात इथे, मधमाश्या कशाला बोलावतेस?" मी त्यांना त्यांच्याच वेलीपाशी नेलं आणि म्हटलं काकू, या इथे दहा वर्षं आहेत, तुम्हाला कधी चावल्या? फुलावर आलेली माशी तिच्या कामात असते, मुठीत धरली किंवा पायाखाली आली तरच नांगी मारते. पोळ्याला दगड मारणं ही वेगळी गोष्ट. ज्यांना नांगीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र जपून, आमच्या शेवटच्या रो हाऊसमधल्या मुलाला आहे, म्हणून त्याच्या बाजूच्या सहा फुटांत मी अडुळसा सोडून काही लावलं नाही. काकू पूर्ण पटल्या असं नाही. पण परवा सब्ज्याचं रोप मागायला आल्या.

पावसाळ्यात आकडे पडले, झडीत माश्या बाहेरच पडत नाहीत, गोकर्ण तेवढा फुलत होता आणि उघडीप मिळाली की भुंगा येऊन जायचा. एप्रिलची मला धास्ती होती कारण भिंत पश्चिमेची, दुपारी हात लावला तर चटका. त्यात गेलं काय, तर दोन झिनिया. बाकी टर्नेरा, ऑफिस टाइम आणि तुळशी यांनी निभावलं, आणि अडुळशाची पानं दुपारी लोंबायची पण सकाळी परत ताठ. भोपळ्याला या वर्षी मी एकदाही हात लावला नाही, पाच धरले, एक अडीच किलोचा.

भांडण फक्त एकाच गोष्टीवरून राहिलंय, मंजिऱ्या. आमच्या सासूबाईंचा पन्नास वर्षांचा नेम आहे, सकाळी अंघोळ झाली की तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, कारण मंजिरी राहिली की तुळस वाळते. त्यांचं चूक नाही, बी धरलं की झाड खरंच थकतं. पण माश्यांना मंजिरीच हवी. तह असा झाला की वृंदावनातली तुळस आईंची, पट्टीतल्या पाच माझ्या. तरी त्या मागे कपडे वाळत घालायला आल्या की बोटं आपोआप जातात, मी खिडकीतून ओरडते, "आई, त्या माझ्या!"

गेल्या आठवड्यात मी चहा घेऊन गेले तर आई पट्टीपाशी वाकून उभ्या, दोन बोटं मंजिरीपासून इंचभर लांब, आणि मंजिरीवर एक फुलोरी, मागच्या पायांना पिवळे गोळे लावून. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच दुसऱ्या हातानं गप्प राहा म्हणून खूण केली. "थांब गं, तिचं होऊ दे." चांगली दोन-तीन मिनिटं आम्ही दोघी उभ्या होतो, कंबर दुखत असणार त्यांची. माशी तळापासून शेंड्यापर्यंत एकेक फूल करत वर गेली आणि उडाली.

आणि आईंनी मंजिरी खुडली.